इथे कोणी गरोदर नाही

तुम्ही घरचे म्हणून सांगतो, पण प्रज्ञासमोर हा विषय काढू नका. गाढवपणा आयुष्यात बराच केलाय, पण हा आठवला की अजून मान खाली जाते.

आम्ही इथे परदेशात, पापाकुऱ्यात राहतो. मी रेसिडेंट, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेला. बायकोचा, म्हणजे प्रज्ञाचा, व्हिसा संपला होता. नव्याचा अर्ज केलेला आणि निर्णय येईपर्यंत हातात तात्पुरता इंटरिम व्हिसा. नेमकी तेव्हाच ती गरोदर राहिली.

इंटरिम व्हिसाचं पत्र आलं होतं, ते मी वाचलं, म्हणजे अर्धं वाचलं, आणि जाहीर केलं की मंजुरी येईपर्यंत सरकारी दवाखाना आपल्याला बंद. ती म्हणाली, विचारून तरी बघू. मी म्हणालो, विचारलं की ते फाइल उघडतात, आणि फाइल उघडली की व्हिसा गेलाच समज. हे ज्ञान मला कुठून मिळालं? कुठूनच नाही. तरी मी ते आमच्या मराठी ग्रुपवरसुद्धा टाकलं.

तिचं डोकं दुखायचं, पाय सुजायचे. मी लिंबूपाणी करून द्यायचो. सांगायलाही लाज वाटते. पाचव्या महिन्यात तिने तक्रार करणं सोडलं. मला वाटलं, लिंबूपाणी लागू पडलं.

मग एका शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात उंच बाई, हातात बॅग, गळ्यात ओळखपत्र. "किया ओरा," असा इथला नमस्कार केला आणि विचारलं, प्रज्ञा कशी आहे, बाळ कसं आहे?

मला वाटलं, झालं! इमिग्रेशनवाले घरापर्यंत आले!

"कुठलं बाळ? इथे कोणी गरोदर नाही."

तेवढ्यात मागून प्रज्ञा आली. सातव्या महिन्याचं पोट, हातात पोह्यांची डिश.

बाई मिडवाइफ, म्हणजे सरकारी दवाखान्याची सुईण होती. गेले दोन महिने मी कामावर असताना येऊन तपासत होती; त्या आठवड्यात तेवढा वार बदलला होता. प्रज्ञाचं बीपी वाढलेलं, गोळ्या चालू. मला पत्ता नाही.

मिडवाइफने शांतपणे समजावलं की नवरा रेसिडेंट असेल तर तपासण्या, बाळंतपण सगळं मोफत, बायकोच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. म्हणजे प्रज्ञाला सगळं माझ्यामुळेच मिळणार होतं, आणि मीच अडवून बसलो होतो.

मी प्रज्ञाला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू परत समजावत बसला असतास."

मी गुपचूप ग्रुपवरची पोस्ट काढून टाकली. मिडवाइफने फॉर्म काढला आणि विचारलं, हॉस्पिटलमध्ये दुभाषा लागेल का?

"मला नको," प्रज्ञा म्हणाली. "ह्याच्यासाठी लिहा."