डब्यातले पाच सेकंद

गाडीत गिअरच्या पुढे, गालिच्याखाली एक डबा असतो. जेवणाच्या डब्यापेक्षाही लहान. धडक बसली की एअरबॅग उघडायची का, हे तो ठरवतो आणि धडकेआधीचे पाच सेकंद स्वतःजवळ ठेवतो. वेग किती होता, ब्रेक कधी दाबला, पट्टा लावला होता का. तो काढून लॅपटॉपला जोडायचा आणि काय घडलं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. गंगापूर रोडला छोटं ऑफिस आहे. माणसं खोटं बोलतात, डबा बोलत नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचो. फार शहाणा होतो मी.

गेल्या वर्षी माझे दाजी गेले. गाडी भाचा चालवत होता, दाजी शेजारी बसले होते. नामपूरला घरी परतताना, ऐन दिवेलागणीला, वळणावर कांद्याची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही की रेडियमची पट्टी नाही. भाच्याचा हात मोडला. दाजी जागीच संपले.

सावडायच्या दिवशी दाजींचा धाकटा भाऊ चारचौघांत बोलला, "पोऱ्या लई जोरमा व्हता." हा गृहस्थ अपघाताच्या वेळी मालेगावला होता. त्यानं काय डोंबल पाहिलं? पण वाक्य चिकटलं. पंचनाम्यात 'भरधाव' होतंच. तो शब्द लिहिल्याशिवाय पंचनामा पुरा होतो की नाही, देव जाणे. चोवीस वर्षांच्या पोराला गावानं बापाचा मारेकरी करून टाकलं. तो जेवेना, कुणाशी बोलेना.

ताईचा फोन आला. "तुझ्या त्या डब्यात बघ. माझा पोरगा जोरात होता का, एवढंच सांग मला."

घरातलं काम घ्यायचं नसतं. मी घेतलं.

वेग अठ्ठेचाळीस. ब्रेक धडकेच्या दीड सेकंद आधी, पूर्ण दाबलेला. ऑफिसात एकटाच होतो, ढसाढसा रडलो. मग खालची ओळ वाचली. शेजारची सीट, पट्टा: लावलेला.

एवढ्या वेगात, तेही ब्रेक दाबल्यावर, पट्टा लावलेला माणूस काचेपर्यंत जात नाही; बिनपट्ट्याच्या माणसाला मात्र एअरबॅगही धड अडवत नाही. दाजींचं डोकं काचेवर आपटलं होतं. पट्ट्याच्या खाचेत नुसती एक क्लिप खोचली की गाडीला वाटतं पट्टा लागला, आणि तिचं टिंग टिंग बंद होतं. बाजारात कुठंही मिळते. नवी गाडी घेतल्यावर दाजी त्या आवाजाला कावले होते, तेव्हा ती क्लिप त्यांना मी आणून दिली होती. मी, ज्याचं पोट मेलेल्या माणसांचे पट्टे तपासण्यावर चालतं! माझ्या स्वतःच्या गाडीतही तसलीच होती. लिहायला लाज वाटते, पण होती.

नामपूरला गेलो आणि फक्त वेग सांगितला. क्लिपचं तोंडातून निघेना. अहवालाचा कागद भाच्याच्या हातात दिला आणि चहा घेत बसलो, भित्रा कुठला. पोरानं ओळन् ओळ वाचली.

"मामा, इथं पप्पांचा पट्टा लावलेला लिहिलंय."

"हो."

"मग ते गेले कसे?"

त्याचा काका ओट्यावरून म्हणाला, "डबा बी मामानाच शे ना."

भाचा कागदावरून मान वर न करता बोलला, "पट्टा लावूनही गेले, म्हणजे मी जोरातच असणार. मामा, माझ्यासाठी तुम्ही आकडा बदललात का?"

चिडून विचारलं असतं तर सोसलं असतं. त्यानं शांतपणे विचारलं.

मग मी सांगितलं. खाचेत काय होतं, कुणी दिलं, कशासाठी दिलं. त्याच्या काकासमोर, सगळ्यांसमोर. ऐकता ऐकता पोरगा भिंतीला टेकून खाली बसला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही, ते बरं झालं.

ताई कागदाकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "सारखं वाजायचं गं ते. दाजी वैतागले होते."

"वाजू द्यायचं होतंस," ती म्हणाली.