पवनेत सोडलेले नारळ

पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, हे आमच्या शेजाऱ्यांनी कधी मान्य केले नाही. कारखान्यांच्या भिंती नुकत्या उभ्या राहत होत्या त्या वर्षांत ते रत्नागिरीकडच्या एका बंदरातून इथे आले, कंपनीत फिटर म्हणून लागले आणि चिंचवडच्या चाळीत आमच्या भिंतीला भिंत लावून सोळा वर्षे राहिले. त्यांच्या घरात घड्याळ नव्हते, पंचांग होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांच्या गावचा हिशेब. तो ते इथे बसून रोज करत. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे तीनच्या शिफ्टचे काम सुरळीत होणार. अष्टमीला दुपारी बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. त्या वेळी यंत्रावर नवे काम चढवू नये, असे त्यांनी एकदा सुपरवायझरला सुचवले. सुपरवायझर मराठवाड्यातला. तो म्हणाला, "आमच्याकडं विहिरीला बाराही महिने सुकतीच असते, राव. काम चालतंच की." त्यांच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, मत याहून थोडक्यात होते. त्यांना एकच पाणी ठाऊक, नळाचे. ते सहाला येते आणि सातला जाते, तिथी कुठलीही असो.

पिंपरीच्या बाजारातली मासेवाली त्यांना लांबून पाहिले की पाटीवर फडके ओढी. ते बांगड्याचा कल्ला उचलत, वास घेत आणि चार गिऱ्हाइकांदेखत निकाल देत: "हा एकादशीला मेलाय. आज चतुर्दशी." एकदा आम्ही दोघे चाकणला कांदे आणायला गेलो होतो. तिथे त्यांनी वाऱ्याकडे तोंड करून शेतकऱ्यांना पोती झाकायला लावली. दोघातिघांनी झाकलीही. संध्याकाळपर्यंत थेंब पडला नाही. एका म्हाताऱ्याने विचारले, "पाऊस कुठं हाय, पाव्हनं?" हे शांतपणे म्हणाले की तिकडे समुद्रावर पडला असेल, आणि दोन मण कांद्यांसह बसमध्ये चढले.

बालपणाच्या गोष्टी सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली येई. गावात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायची हाळी आली की शाळा रिकामी व्हायची, मास्तरही निघायचे. जाळ्याचा दोर नुसता धरणाऱ्या पोरालाही मासळीचा वाटा मिळे. त्यांच्या जागी दोर खरा ओढायचा तो थोरला भाऊ. वडील गेल्यावर होडी या दोघांकडे आली. तिला दोन माणसे लागत. त्यांतले एक कंपनीत लागायला निघून आले. भाऊ एसटीपर्यंत पोचवायला आला नाही, आणि पुढे त्याचे पत्रही आले नाही. हे गावी गेले नाहीत. गावचे कोणी भेटले की विचारत, आणि उत्तर ठरलेले असे: भाऊ अजून समुद्रात जातो, कधी गडी घेऊन, कधी एकटा.

म्हणून नारळी पौर्णिमा त्यांना चुकवता येत नसे. त्या दिवशी समुद्राला नारळ द्यायचा आणि मग होड्या बाहेर काढायच्या, ही रीत. ते सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पवनेच्या घाटावरून सोडत आणि भावाला सांभाळ म्हणून हात जोडत. नदी शेवटी समुद्रालाच मिळते; कोजागिरीपर्यंत नारळ बंदरात पोचतो, असा त्यांचा अंदाज होता.

मी वर्तमानपत्रात होतो. चुकीचा मजकूर दिसला की दुरुस्त करायचा, ही सवय. सोळाव्या वर्षी घाटावर मी सहज सांगितले की पवना मुळेला मिळते, ते पाणी भीमेत जाते, भीमा कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात. म्हणजे पूर्वेला.

त्यांनी नारळ हातातच ठेवला. मग त्यांनी विचारले, "मग इतकी वर्षं माझा भाऊ कोणाच्या भरवशावर होता?"

समुद्र शेवटी सगळा एकच, असे मी म्हणून पाहिले. "तुम्ही नका सांगू, पेपरवाले," ते म्हणाले आणि नारळ पिशवीत टाकून घरी गेले. दुपारची शिफ्ट त्यांनी बुडवली. वहिनींनी भाकरी बांधून दिली, आणि संध्याकाळच्या आत ते गावच्या एसटीत होते.

पाचव्या दिवशी ते परत आले. पौर्णिमा उलटून गेली होती, तरी नारळ सोडला, असे म्हणाले. भाऊ भेटला. खूप वाळलाय. बोलला काहीच नाही, फक्त होडीकडे हात केला. हे बसले. खाडीच्या तोंडाबाहेर लाटा लागल्या आणि चाकणच्या शेतकऱ्यांना वारा शिकवणाऱ्या या माणसाला बोट लागली. पोटातले सगळे बाहेर आले.

"मग भाऊ काय म्हणाला?" मी विचारले.

"काही नाही. वल्हं ठेवलं आणि माझी पाठ चोळत बसला."

मग म्हणाले, "लहानपणी चोळायचा, तशीच."