सागाचे पाय

माझं अक्षर चांगलं नाही आणि लिहिताना चुकाही होतात. चौथीनंतर शाळा सुटली, तेवढं समजून घ्या. पण मावशीचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

"तुमचे पाय लोण्याचे गो! माझे सागाचे."

चिंचणीला किनाऱ्यालगतच्या खळ्यावर आम्ही बाया जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घालतो. खळ्यावर चप्पल घालून चढायचं नाही, ही जुनी रीत. भर दुपारी जवळा हलवायला गेलं की आम्ही एकेका पायावर नाचायचो. मावशी मात्र ओटीवर फिरावं तशी खराटा घेऊन सावकाश चालायची. आम्हाला तिचं कौतुक. दुपारची पाळी तिलाच द्यायचो, आणि तिलाही ते आवडायचं.

एकदा संध्याकाळी ती पाय धूत होती. टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतलेला, भोवती रक्त वाळलेलं.

मी म्हटलं, "मावशी, लागलंय."

"कुणाला?" तिने विचारलं.

हळद लावून पाहिली, पण जखम ओलीच राहिली. शेवटी मी तिला दवाखान्यात नेलं. सिस्टरने साखर तपासली. मग तिला डोळे मिटायला सांगून तळव्यांवर जागोजागी एक ताठ, बारीक दोरा टेकवला. "लागला की सांगा."

मावशी शहाण्या मुलीसारखी डोळे मिटून बसली. जरा वेळाने म्हणाली, "बाई, सुरू कधी करणार?"

सिस्टरने दोरा केव्हाच ठेवून दिला होता.

मला हसू आलं, आणि मग सिस्टरचा चेहरा दिसला. साखरेने पायांची जाण गेली आहे, म्हणाली. रक्तही नीट पोचत नाही. चटका बसला, खडा टोचला, चप्पल घासली तरी कळायचं नाही, आणि झालेली जखम भरायची नाही. "आता अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही."

वाटेत मावशीने विचारलं, "मग खळ्यावर कशी जाऊ?"

"चप्पल घालून जा की," मी म्हटलं.

"लोक खातात गो ते!"

मग ती कडेला बसून जवळ्यातला कचरा निवडायची. पण कुत्रं शिरलं की खराटा उचलून तशीच धावायची. आम्ही ओरडायचो, "मावशी, चप्पल!" तोवर ती अर्ध्या खळ्यात पोचलेली असायची.

पाय काळा पडला. घोट्याच्या वरून काढावा लागला. लेक तिला तलासरीला घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा पायावरची चादर सारखी करत तिने विचारलं, "यंदा जवळा कसा आहे?" सागाचं नाव काढलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

आता खळ्याच्या कडेला एका टोपलीत धुतलेल्या रबरी चपला असतात, फक्त खळ्यावर घालायच्या. सगळ्या जणी त्याच घालतो. एवढं सोपं होतं. ती असताना कुणालाच सुचलं नाही.

दुपारी चपला चढवायच्या आधी मी एक पाय जमिनीला टेकवून बघते. चांगलाच चटका बसतो. लोण्याचा आहे अजून, असं मनात म्हणते, आणि खराटा उचलते.