मंगळवारचं सोंग

मंगलला एका जागी बसवत नाही. चहा ती उभ्यानं पिते. भाकरी थापता थापता उठून दारात येते, रस्ता बघते, पुन्हा चुलीपाशी जाते. पाटोद्याकडच्या आमच्या डोंगरपट्टीत तिला सगळे चालण्यावरून ओळखतात. लांबून पायवाटेवर धूळ दिसली की बाया म्हणतात, मंगल आली.

हे चालणं तिचं जन्माचं नव्हे. सव्विसाव्या वर्षी, ऊसतोडीला जायच्या तोंडावर, तिची गर्भपिशवी काढली. पोटात कळा यायच्या, अंगावरून पांढरं जायचं, आणि दुखण्यापायी कामाचा खाडा पडला की मुकादम टाकून बोलायचा. शहरातल्या कुण्या डॉक्टरनं सांगितलं, काढून टाका, कटकट मिटेल. कटकट मिटली नाही. ती पोटातून निघाली आणि हाडांत जाऊन राहिली. दिवसातून केव्हाही अंगात आग उसळते, कानशिलं तापतात, घाम फुटतो, आणि मंगल असेल तिथून उठून चालायला लागते.

अशी चालता चालताच ती गावोगाव सोंगं करून बायांना शहाणं करणाऱ्या उजेड मंडळात पोचली. सुंदरराव तिथले कर्ते. आपल्या मळ्यातली कांद्याची चाळ त्यांनी मंडळाला देऊन टाकली आहे. तिथं सोंगांच्या तालमी होतात आणि रविवारी बीडहून एक डॉक्टरबाई येऊन बायांना फुकट तपासतात. मंडळात कुणालाच पगार नाही, पण रुसवेफुगवे भरपूर. सुंदररावांचं म्हणणं असं, की भाषणाला माणूस जांभई देतो, सोंगाला देत नाही. म्हणून त्यांनी एक भारूड रचलं. त्यात ऊस तोडणारी सखू असते, आणि जो तो तिला सांगत असतो, पिशवी काढ. सखूचं सोंग मंगल घ्यायची. ही आपलीच गोष्ट आहे, असं मात्र तिनं चारचौघांत कधी म्हटलं नव्हतं.

मंगलच्या घरामागं रुक्मिणीचं घर. वय सत्तावीस, दोन लेकरं, आणि दुखणं तेच. ऊसतोडीचा ट्रक निघायच्या आधी पिशवी काढून घेऊ म्हणून सासू छबुबाई आणि नवरा अजिनाथ यांनी शुक्रवार ठरवून टाकला होता. आधी रविवारच्या बाईंना दाखव, असं मंगलनं तिला कितीदा सांगितलं. रुक्मिणी नुसती 'बघू' म्हणायची आणि सासूच्या दाराकडं बघायची. मंगलची झोप उडाली. माझं ऐकत नाही तर सखूचं ऐकेल, या आशेवर तिनं आपल्या वाडीतच भारूड लावायला सुंदररावांच्या मागं धोशा लावला.

आणि तिथंच मंडळ चुकलं. शाळेचं मैदान मिळालं नाही म्हणून भारूड देवीच्या पारापुढं मांडलं. दिवस मंगळवार. साथीला अभिमन्यूचा संबळ. सोंगातल्या मंगलचे केस मोकळे. इतकी शहाणी माणसं मंडळात, पण आपण काय मांडून ठेवलंय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

उन्हं कलली होती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन सखू उठते आणि पोट धरून खाली बसते, एवढंच करायचं होतं. मंगल खाली बसली आणि नेमकी तेव्हाच खरी आग उसळली. अंग थरथरलं, घाम निथळला, मान डोलायला लागली. अभिमन्यूला वाटलं, बाई रंगात आली. त्यानं संबळाची लय चढवली. पुढं बसलेली एक म्हातारी ताडकन उठली आणि तिनं पुकारा केला, “आई राजा उदो उदो.”

मग आवरतं कुणाला. परडी आली, कुंकू आलं, कुणी लिंबू उतरवलं. सुंदरराव हात हलवत पुढं यायला बघत होते, पण बायांच्या त्या कड्यातून त्यांना वाट मिळेना. कड्यातून रुक्मिणी मात्र पुढं झाली. मंगलच्या पायांवर तिनं तांब्याभर पाणी ओतलं, कपाळ टेकलं.

“आई, शुक्रवारी पिशवी काढायचीय. काढू का नको, तूच सांग.”

संबळ थांबला. मंगलच्या जिभेवर 'नको' हा शब्द तयार होता. इतके दिवस घसा कोरडा करून जे झालं नाही ते या एका शब्दानं होणार होतं. छबुबाईसुद्धा हात जोडून उभी होती. पण तो शब्द तोंडाबाहेर पडेना. आज ही विचारते. उद्या दुसरी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन येईल आणि दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारील. तिला काय सांगायचं?

“रुक्मिण, मी मंगल हाय,” ती म्हणाली. “देवी न्हाई आली. माझं अंग भडकलंय नुसतं.”

कुणी मानेना. एक म्हणाली, आई परीक्षा बघती. दुसरीनं आणखी कुंकू लावलं. मंगल जितकं नाकारी तितकी गर्दी दाटे. शेवटी ती वैतागली.

“छबुबाई, पोळ्याला नेलेली माझी पुरणाची चाळण अजून दिली न्हाई तुमी. देवी चाळण मागती का कुठं?”

बाया फिसकन हसल्या. छबुबाईचे जोडलेले हात सुटले. देवी गेली, आणि कपाळभर कुंकू घेऊन मंगल तेवढी उरली.

रुक्मिणी हसली नाही. दुसऱ्या दिवशी हातपंपावर घागर भरताना, मंगलकडं न बघता, ती बोलली.

“आक्का, एक शब्द बोलायला तुझं काय जात होतं? देवीनं नको म्हणलंय, एवढं सांगून मी सुटले असते. घरात कुणी हूं केलं नसतं. आता कुणाच्या नावानं नको म्हणू?”

मंगल रिकामी घागर घेऊनच तिथून निघाली. तो दिवस तिनं शिवार तुडवण्यात घालवला. तू केलंस ते बरोबरच, असं सुंदररावांनी सांगितलं, तर ती त्यांच्यावरच खेकसली. तुमचं बरोबर ठेवा तुमच्यापाशी, तिला शुक्रवारी टेबलावर घेणार हायत. नवरा आश्रुबा म्हणाला, इतकं चालून लोक आळंदीला पोचले असते. ती तशीच पुन्हा बाहेर पडली.

गुरुवारी दिवस मावळायच्या आत ती छबुबाईच्या दारात उभी राहिली. छबुबाईनं चाळण आणून पुढ्यात आदळली. ओसरीवर अजिनाथ कोयत्याला धार लावत होता. त्यानं तिला सुनावलं, की मंडळाचं ज्ञान उसाच्या फडावर चालत नाही, आणि खाडा पडला तर मुकादम मंडळाला शिव्या देणार नाही. मंगलनं त्याला बोलू दिलं. मग ती खाली बसली आणि रुक्मिणीला आतून बाहेर बोलावलं.

“भारुडातली सखू म्हणजे मीच,” ती म्हणाली. “पिशवी काढून पहिल्याच साली फडावर गेलते. मोळी घेऊन ट्रकाच्या फळीवर चढले अन् कमरेत मोडले. दुसऱ्या साली निम्म्यातून माघारी. जोडीला बाई न्हाई म्हणून मुकादमानं आश्रुबालाबी घेतलं न्हाई. खाडा चुकवायला गेलते, अजिनाथ, सगळा जलमच खाड्यात गेला.”

अजिनाथचा हात धारेवर थांबला. आश्रुबा आता दुसऱ्याची शेरडं वळतो हे त्याला रोज दिसत होतं. का वळतो, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“मग काय हिनं कळाच सोसायच्या?” छबुबाईनं विचारलं.

“न्हाई. रविवारी दाखवायचं. त्या बाई काढा म्हणल्या तर मी सोता हिच्यासंगं जाते.”

एवढं बोलेपर्यंत पुन्हा आग उसळली. तोंड लाल झालं, घाम वाहू लागला. या खेपेला कुणी कुंकू आणलं नाही. रुक्मिणी शेजारी येऊन बसली आणि पदरानं वारा घालू लागली.

शुक्रवारी त्या घरातून कुणी बाहेर गेलं नाही. दुपार टळेपर्यंत मंगल त्या दारावरून येरझाऱ्या घालत होती. रविवारी डॉक्टरबाईंनी रुक्मिणीला तपासलं. आत जंतूंची लागण आहे, गोळ्यांनी हटेल, पिशवी काढायचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. त्याच गोळ्या नवऱ्यानंही घ्यायच्या, हे ऐकून अजिनाथ चाळीचं छप्पर निरखत बसला. पण त्यानं घेतल्या.

रुक्मिणी-अजिनाथला घेऊन ट्रक गेला. गोळ्या वेळेवर पोटात जातात का, या काळजीनं मंगल रोज फोन लावायची, आणि रुक्मिणी रोज वैतागायची. एके दिवशी मात्र फोन तिकडून आला.

“आक्का, मला बरं हाय. पण शेजारच्या पाचटाच्या कोपीत एक पोरगी हाय, तिला पिशवी काढायला सोमवार दिलाय. तिचा नवरा हितंच उभाय. त्याला फोन देते, बोल.”

मंगल अंगणात उभी होती. फोनमधून उसाच्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती. मग एक जाड, अनोळखी आवाज आला. कोण बोलतंय, असं त्यानं विचारलं.

“मंगल,” ती म्हणाली. “पाटोद्याकडची. घटकाभर बसा दादा, सांगते.”