पेन ड्राइव्ह खाली आहे

ज्याने कुणी तो कोड लिहिला, त्याने एकदा समोर येऊन उत्तर द्यावं! मेमरी अडवून ठेवायची आणि मशीन अडकलं की वापरणाऱ्याच्या माथी मारायचं, हा कुठला न्याय?

थांबा, चहा घ्या, सांगतो. फजिती माझी झाली हे खरं, पण चूक माझी नव्हती, हे आधीच बजावून ठेवतो.

तर बघा, आपण फाइल सेव्ह करतो तेव्हा ती लगेच डिस्कवर जात नाही. आधी मेमरीत थांबते. मग कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती सवडीने लिहून टाकतं. पण मध्येच पेन ड्राइव्ह निघाला तर? फाइल गेली, मेमरी मात्र अडकलेलीच! म्हणजे यात्री दर्शन घेऊन गावी पोचला, तरी आपला उज्जैनचा लॉजवाला म्हणतोय, "रूम फुल है!" चालेल असं? मला नाही चालणार. मी दुरुस्ती लिहिली, म्हणजे पॅच. आता तो तपासायला एक पेन ड्राइव्ह हवा होता, लिहिणं चालू असतानाच खस्सकन ओढायला.

त्याच संध्याकाळी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आत्या पहिल्यांदाच एकटी गाणार होती. महिनाभर आमची सगळी नानाखेडा वस्ती डोक्यावर घेतली होती तिने! मी वरच्या मजल्यावर, ती गच्चीत कपडे वाळत घालत होती.

"आत्या, पेन ड्राइव्ह घेतो गं!"

"घे ना, खाली आहे. टीव्हीजवळ."

घेतला, फॉरमॅट मारला आणि कामाला लागलो. फाइल लिहायला लाव, ओढ. परत लाव, परत ओढ.

आत्या दारातून डोकावली. तिला वाटलं, मी गाणं तपासतोय.

"झालं का रे?"

"अजून हवं तसं बिघडत नाहीये!"

"बिघडत नाहीये ना? बढिया!" म्हणत ती साडी नेसायला गेली.

आणि चालला हो माझा पॅच! ओढला पेन ड्राइव्ह, सुटली मेमरी! मी खोलीभर नाचलो. तेवढ्यात आत्या नटूनथटून हजर.

"चल, माइकवाल्याला पेन ड्राइव्ह दे. माझं म्युझिक लावायला सांग."

"कुठलं म्युझिक?"

"अरे, हार्मोनियम-तबला! इंदूरहून रेकॉर्ड करून आणलेलं!"

"पण तूच म्हणालीस, खाली आहे!"

"खालीच होता की!"

"खाली म्हणजे रिकामा ना?"

"खाली म्हणजे खालच्या मजल्यावर, गाढवा!"

आता तुम्हीच सांगा! ज्या घरात सकाळपासून 'टंकी खाली झाली', 'बाल्टी खाली कर' चालतं, तिथे माणसाने काय समजायचं? एक तर धड मराठी बोला, नाहीतर धड हिंदी! हे मी आत्याला ऐकवलंसुद्धा. ती तोवर फोन लावत बसली होती. इंदूरच्या वादकाचा फोन लागेना.

"म्युझिक नाही तर नाही," ती म्हणाली. "ते टाळ-मंजीरे घे आणि बस माझ्या मागे."

"मी? मला ताल कुठे येतो?"

"ओढता येतं ना? मग आपटताही येईल."

आणि गायली हो आत्या! म्युझिकबिझिक काही नाही, तरी सगळा हॉल गप्प. मीही मागे हटणार नव्हतो. डोळे मिटले, मान हलवली, जीव खाऊन मंजीरे वाजवले. 'पॅच बरोबर आहे! पॅच बरोबर आहे!' तालसुद्धा त्यावरच धरला होता.

कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. डोळे उघडले तर माइकवाला कानाशी वाकलेला.

"भैया, गाना तो कब का ख़तम हो गया. अब मंजीरे तो छोड़ दो."