झटके कुठून येतात

आमच्या भावकीत नवरी सासरी जाते ती बाबांच्या गाडीतून. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी ती टर्बो डिझेल घेतली तेव्हा गावात तेवढी मोठी गाडी दुसरी नव्हती. एका आतेबहिणीची पाठवणी तिच्यातून झाली आणि मग तसाच रिवाज पडला. आता आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी टॉवर लागलेत, डोंबिवली आमच्या ओट्यापर्यंत आली आहे, आणि प्रत्येक काकाच्या दारात हिच्यापेक्षा भारी गाडी उभी असते. तरी पाठवणीला हीच लागते. बाबा त्या दिवशी नवा शर्ट घालतात, चावी कुणाच्या हातात देत नाहीत, आणि गाडी इतकी सांभाळून नेतात की रडून दमलेली मुलगी वाटेत झोपून जाते. हेच त्यांचं माप. घरी परत आले की आईला एवढंच सांगतात, “झोपली.”

गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं, आणि त्याच सुमारास गाडी झटके मारायला लागली.

मी फार बोलत नाही, म्हणून मला नेहमी पुढच्या सीटवर बसवतात. बाबांना आवाज ऐकायचा असला की आई मागे आणि मी पुढे. मुंब्रा बायपासच्या चढावर ते रेडिओ बंद करायचे.

“काय ऐकाला येतंय गो?”

“शिट्टी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला. तुम्ही दाबलं की वाढते.”

“आणि?”

“मागे काळा धूर आहे. रिक्षावाला शिव्या देतोय.”

बाबा आमच्या आगरी बोलीत बोलतात. मी शाळेत शिकलेल्या मराठीत उत्तर देते, तेही अर्धं इंग्रजीत. घरात याची थट्टा होते. पण गाडीच्या बाबतीत माझं इंग्रजी कामाला येत होतं. जुन्या डिझेल गाड्यांवर लोकांनी लिहिलेली पानंच्या पानं मी फोनवर वाचायचे आणि बाबांना सोप्या भाषेत सांगायचे. टर्बो हवा दाबून इंजिनाकडे पाठवतो. ती मधेच कुठे सुटत असेल तर शिट्टी येते, डिझेल नीट जळत नाही, धूर होतो आणि चढाला दम राहत नाही. बाबा लक्ष देऊन ऐकायचे. माझं इतकं बोलणं त्यांनी एरवी कधी ऐकून घेतलं नव्हतं, आणि मीही एरवी इतकं बोलले नव्हते.

त्यांचा मेकॅनिक ठाण्याला, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने बोनेट उघडून टर्बोपासून निघणाऱ्या जाड रबरी पाइपाला हात लावला, बोटं तेलाने ओली झाली. पाइप वाकवून त्याने खालच्या बाजूची चीर दाखवली. इंजिन बंद असताना ती मिटलेली असायची, हवेचा दाब आला की उघडायची.

“शेठ, घरातच मेकॅनिक पाळलाय की तुम्ही,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. बाबा जाताना डेपोच्या फाटकापर्यंत हसत होते.

नवा पाइप बसला, शिट्टी गेली, धूर गेला. गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली.

आणि झटके वाढले.

हे मला तेव्हा समजायला हवं होतं. गाडी आता थांबल्या जागेवरून पुढे उसळायची. सिग्नलला उशिरा आणि जोरात थांबायची, आमच्या माना पुढे जाऊन मागे यायच्या. आई मागे वरचं हँडल धरून बसायची. “बैलगाडी बरी होती,” ती म्हणायची. “तिच्यात निदान कंबर एकाच बाजूने मोडायची.” बाबांनी शॉकअप बदलून घेतले. मग खालचे रबरी बुश. मग इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगा. दर वेळी गॅरेजमधून बाहेर पडताना म्हणायचे, “आता बग, कशी लोण्यासारखी जाते.” आणि कळव्याच्या पुलापर्यंत आई गप्प झालेली असायची.

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा बाबा मला घेऊन पुन्हा खोपटला गेले. त्यांच्या मते आता टर्बोच गेला होता.

मेकॅनिकने या वेळी बोनेट उघडलंच नाही. प्यायच्या पाण्याची एक बाटली अर्धी रिकामी केली, मागच्या सीटवर मधोमध बसला आणि ती मांडीवर उभी धरली. “चला शेठ. तुमच्या रोजच्यासारखी चालवा. बोलायचं नाही कोणी.”

माजिवड्याचा पूल चढून, उतरून परत आलो. मी आरशातून मागे बघत होते. तो रस्त्याकडे बघतच नव्हता, फक्त बाटलीतल्या पाण्याकडे बघत होता. पाणी बाटलीच्या गळ्यापर्यंत जाऊन आपटत होतं.

मग तो स्वतः स्टीअरिंगवर बसला, बाबांना मागे बसवून बाटली त्यांच्या हातात दिली. तोच पूल, तीच ट्रॅफिक. पाणी हललं, पण जागच्या जागी.

“तुझ्या हाताला लागते ती,” बाबा कुरकुरले. “मेकॅनिकचा हात ओळखते.”

“असेल,” तो म्हणाला. गॅरेजमध्ये आल्यावर त्याने बाबांसाठी चहा मागवला आणि मला म्हणाला, “ताई, लायसन आहे ना? एक राउंड तुम्ही मारा.”

लायसन होतं. गाडी मी वर्षात दोनदा चालवत असेन, तीही गावातल्या गावात. बाबा चहाला थांबले, तो बाटली घेऊन मागे बसला. पुलावर माझ्या मागे एक बस सतत हॉर्न वाजवत होती. मी खूप हळू चालवली, एकदा गाडी बंदही पडली. पण पाणी शांत होतं. मी आरशात बघितलं तेव्हा त्याने बाटलीला झाकण लावलं.

परतताना डेपोच्या भिंतीशी त्याने गाडी थांबवायला सांगितली.

“शेठना शुगर आहे का?”

“आहे. सात-आठ वर्षं.”

“माझ्या मोठ्या भावाला होती. ट्रक चालवायचा. पाय बधिर झाले त्याचे. गाडीत काही नाही, ताई. हवा गळत होती तोवर शेठ कितीही दाबू देत, गाडी उठतच नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. आता गाडीत ताकद आली. त्यांना कळत नाही पेडल किती दाबलंय. दाबतात, दाबतात, मग टर्बो एकदम उचलतो, मग ते घाबरून ब्रेकवर येतात. ब्रेकपण तसाच.”

“तुम्ही सांगा ना त्यांना.”

“मी गाडीचं सांगतो. माणसाचं कसं सांगू? मी सांगितलं तर उद्या दुसऱ्या गॅरेजला जातील, तो टर्बो बदलून देईल. तुम्ही घरच्या.”

मला तेव्हा एक सकाळ आठवली. बाबा दुधाची पिशवी घेऊन अंगणातून आत आले होते, डाव्या पायात चप्पल आणि उजवा पाय अनवाणी. चप्पल फाटकापाशी पडली होती. आईने विचारलं, “एक चप्पल देवाला दिली का?” आणि आम्ही दोघी हसलो होतो. बाबांनी खाली बघितलं, आणि हसण्याआधी त्यांचा चेहरा क्षणभर रिकामा झाला होता. मी ते पाहिलं होतं. मी अशा गोष्टी पाहते आणि ठेवून देते.

घरी जाताना “मी चालवते” असं म्हणायचं मी ठरवलं होतं. पण बाबा आधीच बसले होते, चावी फिरवली होती. मी शेजारी बसले. बायपासभर माझी नजर त्यांच्या उजव्या पायावर होती. पाय पेडलवर नुसता पडलेला दिसत होता. ते तो ठेवत आहेत असं वाटत नव्हतं.

शिळफाट्याच्या सिग्नलला पुढे एक स्कूटर थांबली होती, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल. बाबा बोलत होते, बहिणीच्या सासरच्या गल्लीत गाडी वळेल की नाही याबद्दल. ब्रेक लागला तेव्हा माझा पट्टा छातीत रुतला. स्कूटर आणि आमच्यात हातभर अंतर उरलं. बाईने मागे वळून बघितलं. ती ओरडलीसुद्धा नाही, तिने फक्त मुलाचं डोकं पोटाशी धरलं.

“ब्रेकचे पॅड घासलेत,” बाबा म्हणाले. “सांगाया पायजे त्याला.”

“ब्रेक चांगले आहेत, बाबा. तुमचा पाय आहे.”

मी याहून चांगलं वाक्य तयार केलं होतं, ते तोंडात आलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.

“कं बोललीस?”

“तुम्हाला पाय लागत नाही. पेडल लागत नाही. तो म्हणाला. मी पण बघितलं.”

त्यांनी गाडी पुढे घेतली. तिसरा गिअर टाकला. मग, “एवढी फी भरून इंग्लिश शाळेत घातली, ती बापाचे पाय तपासाला? तीस वरसं गाडी चालवतंय मी. मना शिकवतेस?” मी खिडकीतून बघत राहिले. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, पुढच्या सिग्नलची.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बोलवायचं तर आईला सांगायचे, “तुझ्या डॉक्टरणीला हाक मार.” याच तीन दिवसांत काका लग्नाच्या कामासाठी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, गाडी तयार आहे.

चौथ्या दिवशी दुपारी आई लग्नाच्या साड्या आणायला कल्याणला गेली होती. बाबांनी मला आत बोलावलं. ते पलंगावर पाय लांब करून बसले होते, डोळे मिटून.

“एक बोट धर. कंचं धरलंस ते मी सांगतंय.”

मी डाव्या पायाचं मधलं बोट धरलं. त्यांनी बरोबर सांगितलं, जरा विचार करून. मी उजव्या पायाचा अंगठा धरला. बाबांच्या पायाला मी नमस्काराशिवाय कधी हात लावला नव्हता. अंगठा गार होता, नखापाशी एक जुनी जखम, कडा काळ्या पडलेल्या. ती कधी झाली ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा वाट बघत होते.

“धर ना गो,” ते म्हणाले.

मी आणखी घट्ट धरला. मग दोन्ही हातांनी धरला.

“धरलंय, बाबा.”

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हातांकडे बघितलं. नंतर बराच वेळ ते छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मी अंगठा सोडायला हवा होता, पण कधी सोडायचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. रिक्षाने. डॉक्टर जखमेवर आधी ओरडले, मग गाडीवर. जखम इतक्यावर सापडली हे नशीब, असं ते म्हणाले. गाडी चालवणं बंद. बाबा शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, “भावकीत बोलायचं नाय.”

म्हणून भावकीला बाबांनी दुसरंच सांगितलं. गाडीचा टर्बो गेला, भरवसा नाही, नवरीसाठी भाड्याची गाडी करा. काकांना तर चेष्टेला हे हवंच होतं. लग्नाच्या मांडवात सगळे त्यांच्यामागे लागले. “दादा, भंगारवाला माझ्या ओळखीचा हाय.” “वजनावर घेईल, इंजिन काढून ठेव, पंपाला लाव, शेतीला पाणी देईल.” “शेती कंची उरलीय?” सगळे हसले. बाबाही हसले. म्हणाले, “हा, म्हातारी झाली. दम नाय राहिला तिच्यात.” मी ताटं वाढत होते. गाडी तेव्हा आमच्या अंगणात उभी होती, नव्या शॉकअपवर, नव्या पाइपावर, गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतक्या चांगल्या अवस्थेत. ते त्या मांडवात फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

पाठवणीआधी बहिणीने मला खोलीत गाठलं. तिच्या डोळ्यांतलं काजळ आधीच पसरलं होतं.

“खरं सांग, टर्बोच गेला? की काका रागावलेत माझ्यावर? मी म्हणाले होते ना हळदीला डीजे नको म्हणून, त्यामुळे?”

“नाही गं. टर्बोच गेला.”

“तू बघितलंस?”

“मी बघितलं.”

“सगळ्या त्यांच्या गाडीतून गेल्या,” ती म्हणाली. “माझ्याच वेळेला बरा गेला.” आणि ती खरोखर रडायला लागली. मी तिचा पदर नीट केला.

भाड्याची गाडी पांढरी होती, फुलांनी झाकलेली, ड्रायव्हर माझ्याच वयाचा, कानात एक तार लोंबत असलेला. नवरी बसल्यावर चाकाखाली नारळ ठेवायचा असतो. काका नारळ घेऊन पुढे झाले, तर बाबांनी तो त्यांच्या हातातून घेतला. खाली वाकताना त्यांनी एक हात बोनेटवर टेकला. उजव्या पायात डॉक्टरने दिलेला जाड तळाचा बूट होता. तो का घातलाय असं कुणीतरी विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, पायाला आराम.

नारळ ठेवून ते ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. त्याला कानातली तार काढायला लावली.

“पाय अलगद ठेव,” ते म्हणाले. “टर्बो उशिरा उचलतो, लगेच दाबू नको. वाट बग. पोरगी झोपंल.”

“हो काका,” ड्रायव्हर म्हणाला, आणि काच वर केली.