बाबाची सायकल लोधीखेड्याकडून आली

चहा घ्या अगोदर. थंडा झाला तं म्हणान का याच्यापायी झाला, अन् माह्या नावावर पयलेच लय पाप आहे. स्वतःच्या मेलेल्या बापाले मी खोट्या सपनात सायकलवर बसवलं. मंग ती सायकल माह्याच्यानं काही थांबली नाही!

एका घरी ट्रान्झिस्टर वाजला का सारी गल्ली ओट्यावर येऊन बसे, ते दिवस. माहं लग्न होऊन सहा महिने झालते. सौंसरच्या बाहेर आमचा संत्र्याचा लहानसा बगीचा, तिथंच घर. बाबा दोन वर्षांपूर्वी गेलते. घरात माय, बायको सुमन, मी अन् गंगी.

गंगी म्हणजे गाय. पण घरातले सारे निरोप तिच्याच मार्फत चालत.

कसं म्हणता? पाहा आता. संत्र्याले बहार यावा म्हणून काही दिवस झाडाचं पाणी तोडा लागते. झाड सुकते, पानं लटकते, मंग पाणी देल्लं का फुलावर येते. सुमन रामाकोन्याच्या कापूसवाल्या घरची. तिले दारासमोरच्या झाडाची दया आली. रोज एक बालटी ओते, चुपचाप!

माघात सारा बगीचा पांढराशुभ्र फुलला. दारासमोरचं ते एक झाड मात्र हिरवंगार. नावाले फूल नाही.

तेव्हापासून सासू-सुनेचं बोलणं बंद. जे बोलाचं ते गंगीले.

"गंगे, ज्या कोणाले चहा पाह्यजे असन, त्याले म्हणा चुलीवर आहे."

"गंगे, त्याहिले सांग, झाडाले पाणीच पाजलं, जहर नाही पाजलं!"

गंगी बिचारी घडीभर इकडं पाहे, घडीभर तिकडं. दूध अर्ध्यावर आलं तिचं!

एकविसाव्या दिवशी सुमननं पेटी भरली.

"अजी, मी गुरुवारच्या मोटरनं रामाकोन्याले चालली. वापस येईन का नाही, ते गंगीले विचारा."

हे मात्र माह्या काळजाले लागलं. त्या दिवसात फुलाचा वास असा सुटे का भर दुपारी माणसाले गुंगी ये. सुमन केस मोकळे सोडून बगीच्यात बसे, अन् वरून एकेक पाकळी अशी उतरे जशी तिले कोणतीच घाई नाही. मी खाटेवर पडल्या पडल्या पाहत राहो. जागा आहो का झोपलो, मलेच समजे ना. अन् आता ते केस गुरुवारच्या मोटरनं चालले?

मंगळवारी सकाळी उठल्याबरोबर मी तोंड लांब केलं.

"माय, बाबा आलते सपनात."

मायच्या हातातला तांब्या खाली. "कधी?"

"पहाटे."

झालं! पहाटेचं सपन खरं असते. अन् मेलेला माणूस सपनात खायले मांगते तं त्याचं पान वाढाच लागते, हे आमच्याकडं लेकरालेही माहीत आहे.

"भूक लागली म्हणे. लंबी रोटी पाह्यजे म्हणे. पण सासू-सुना दोघीच्या हातची. एकीच्या हातची शिवणार नाही म्हणे."

लंबी रोटी म्हणजे उपड्या मडक्यावरची. एकीनं पातळ कणीक हातावर झुलवा लागते, दुसरीनं मडक्याखालचा जाळ सांभाळा लागते. एकटीचं कामच नाही ते. आहे ना माहं डोकं?

दोघी बसल्या. माय म्हणे, "गंगे, जाळ कमी कर म्हणा." पण गंगी गोठ्यात! रोटी जळाले लागली.

"अवं सुमन, जाळ ओढ ना वं!"

"ओढला, आत्याबाई!"

एकवीस दिवसानंतरचं पयलं बोलणं! माह्या तं डोळ्यात पाणी आलं. इथंच मी तोंड बंद केलं असतं तं? पण नाही.

मायनं पदरानं डोळे पुसले. "कसे दिसून राहिले होते रे?"

"एकदम मस्त. धोतर पांढरं फटक. सायकलवर आले."

"कोणीकडून?"

आता बापाले आणाचंच आहे तं कोणीकडूनही आणा, आपलं काय जाते?

"लोधीखेड्याकडून."

मायचा हात थांबला. रोटी हातावरून लांबत लांबत जमिनीले टेकली.

"लोधीखेड्याकडून? खुश होते काय?"

"लय खुश. शीळ वाजवून राहिले होते."

"शीळ? माह्यासोबत तीस वर्षं राह्यले, एकदा शीळ नाही वाजवली! दर सोमवारी म्हणे, लोधीखेड्याले बैल पाहाले जातो. बारा वर्षं पाह्यले बैल! एक तरी आणला काय?"

"आत्याबाई, तुम्ही बसा. पाणी घ्या." सुमननं मायच्या पाठीवर हात ठेवला अन् माह्याकडं वळली. "अन् तुम्ही? तुम्ही कायले जाता दर सोमवारी लोधीखेड्याले?"

"मी? मी खत पाहाले."

"कुठं आहे खत?"

खरं सांगतो, मी कॅरम खेळाले जात होतो. पण त्या टायमाले कॅरम म्हणलं असतं तं कोणं मानलं असतं?

गुरुवारी दारात दोन पेट्या.

"माय, तू कुठं चालली?"

माय गोठ्याकडं वळली. "गंगे, सांग त्याले, मी माह्या सुनेसोबत चालली."

आठ दिवस मी, गंगी अन् त्या वाळलेल्या रोट्या. फुलाचा वास तेवढा वाढतच होता. सातव्या दिवशी पहाटे मले गुंगी लागली, अन् बाबा खरोखरच आले. पांढऱ्या पाकळ्यांतून सायकल आली, चाकाचा आवाज नाही, काही नाही. ओट्याशी उतरले, इकडं तिकडं पाह्यलं अन् माह्या कानाशी वाकले.

"बाबू, लोधीखेड्याचं तुले कोणं सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. खिदळत! त्या बिनफुलाच्या झाडाखाली माय सुमनची वेणी घालाले बसली. माह्याकडं कोणी पाहेना.

"गंगे," माय म्हणे, "विचार त्याले, बुढ्याचं आणखी काही सपन पडलं काय?"

मी गंगीची मान खाजवली.

"गंगे, नाही म्हणा. आठ दिवस डोळ्याले डोळाच लागला नाही."